गरिबीचा नकाशा आणि वाडीची वाट: जीआयएसबद्दल कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीच्या दिवशी मी जीआयएस शिकवते. समोर कधी ग्रामपंचायत सदस्य असतात, कधी अंगणवाडीताई, कधी समाजकार्य किंवा भूगोल शिकणारी मुलं, तर कधी हौसेनं आलेले निवृत्त मास्तर. माणसं बदलतात, प्रश्न बहुतेक तेच राहतात. म्हणून उत्तरं इथं एकदाची लिहून ठेवते. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथंच आमचं घोडं अडतं.

जीआयएस म्हणजे नेमकं काय? गूगल मॅप आहे की हातात.

तलाठी कार्यालयात दोन गोष्टी असतात: गाव नकाशा आणि सातबारा. नकाशावर शेताचा आकार असतो, सातबाऱ्यावर त्या शेताची माहिती, आणि दोन्हींची गाठ गट नंबरानं बांधलेली असते. हेच संगणकावर करणं म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजेच जीआयएस. फरक एवढाच, की इथं शेताच्या जागी काहीही येऊ शकतं: विहीर, शाळा, वाडी, रस्ता, ओढा. प्रत्येक प्रकारचा एक लेयर, म्हणजे पारदर्शक कागदासारखा थर, करायचा आणि हे लेयर एकावर एक ठेवून विचारायचं, 'एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा नाही अशा वाड्या किती?' गूगल मॅपवर आपण दुसऱ्यानं भरलेली माहिती बघतो. तिथं हा प्रश्न विचारायची सोयच नाही.

ही पद्धत १९६०च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी उभी केली, तीही जमिनीची मोजदाद करायला. म्हणजे मूळ काम आपल्या भूमापनवाल्यांचंच.

गरिबीचा नकाशा म्हणजे कशाचा नकाशा? गरिबी काय डोंगर आहे दिसायला?

डोंगर नाही, म्हणूनच आधी ठरवावं लागतं. चार्ल्स बूथ यांनी १८८९ पासून लंडनच्या गल्ल्या रंगवल्या तेव्हा अगदी खालच्या थराला काळा रंग दिला आणि श्रीमंतांना पिवळा. त्यासाठी त्यांची माणसं गल्लोगल्ली फिरली. आज नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तीन बाजू धरतो. त्यात १२ गोष्टी आहेत: पोषण, बाल आणि किशोरवयीन मृत्यू, मातेचं आरोग्य, शिक्षणाची वर्षं, शाळेतली हजेरी, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पिण्याचं पाणी, वीज, घर, चीजवस्तू आणि बँक खातं. या मापानं देशातलं गरिबांचं प्रमाण २०१५-१६ मधल्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आलं.

पण हे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून येतात आणि ती पाहणी फार तर जिल्ह्यापर्यंत बोलते. आपल्याला लागतं वाडीचं उत्तर. त्यामुळं गावपातळीवर आपण बहुतेक वेळा गरिबी रंगवत नाही, वंचितता रंगवतो: पाणी किती लांब, छप्पर कसलं, दवाखाना किती तासांवर. नकाशाच्या डोक्यावर 'गरिबी' न लिहिता जे मोजलं तेच लिहा. 'आरोग्य उपकेंद्रापासून चालत तासाहून लांब असलेली घरं' हे शीर्षक भारदस्त नसेल, पण ते खरं आहे, आणि त्यावर भांडता येतं.

कोल्हापूर तर सधन जिल्हा. इथं कशाला हा खटाटोप?

हा प्रश्न शहरातला माणूस हटकून विचारतो. ऊस आहे, गोकुळचं दूध आहे, हुपरीची चांदी आहे, इचलकरंजीचे माग आहेत. मान्य. पण बारा तालुक्यांचा हा जिल्हा एका रंगात मावत नाही. गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आणि उलटं चित्र बघा: नद्या बारमाही केल्यामुळं आणि काळ्या जमिनीमुळं कमी पावसाचा शिरोळ हिरवागार, तर जास्त पावसाच्या जांभ्याच्या सड्यावर एप्रिलमध्ये बायका झऱ्यावर रांगेत उभ्या. पाऊस पडणं वेगळं आणि पाणी राहणं वेगळं.

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड या पश्चिमेच्या पट्ट्यात धनगरवाडे आहेत. पंधरा-वीस घरं, डोंगराच्या सोंडेवर, भोवती जंगल. महसुली गाव खाली आणि वाडा वर. सरकारी तक्त्यात दोन्ही एकाच ओळीत.

मग एकक कोणतं धरायचं? तालुका, गाव, की वाडी?

माझं मत स्पष्ट आहे: वाडी. समजण्यापुरते आकडे घेऊ. एका ग्रामपंचायतीत खालच्या गावात ४०० घरं, त्यातली ४० अतिशय हलाखीत. वरच्या वाड्यात २० घरं, त्यातली १८ हलाखीत. पंचायतीचा आकडा काढला तर ४२० पैकी ५८, म्हणजे सुमारे १४ टक्के. नकाशावर फिकट रंग. बैठकीत कुणी दुसऱ्यांदा बघणारही नाही. वाडा वेगळा काढला की तिथं ९० टक्के. वाड्याची स्थिती आहे तीच, फक्त रेषा कुठं मारली ते बदललं.

याला भूगोलात नावही आहे, एककाच्या निवडीमुळं निष्कर्ष बदलण्याची अडचण. यावर जालीम औषध नाही. एकच आकडेवारी दोन-तीन एककांत रंगवून बघायची आणि उत्तर कुठं पालटतं ते टिपून ठेवायचं. जिथं पालटतं तिथं जाऊन यायचं.

अडचण अशी, की वाड्यांच्या हद्दी कुठल्याच अधिकृत नकाशात नसतात. महसुली गावाची हद्द मिळते, वाडीची नाही. तेव्हा हद्दीचा हट्ट सोडा. घरांच्या पुंजक्याच्या मधोमध एक बिंदू टाका, नाव लिहा, घरं मोजा. अर्धं काम तिथंच होतं.

टक्केवारी रंगवायची की संख्या?

दोन्ही, पण दोन वेगळ्या नकाशांवर. २०११च्या जनगणनेत गगनबावडा तालुक्याची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती, शहर धरून करवीरची दहा लाखांच्या पुढं. टक्केवारीचा नकाशा पश्चिमेकडं बोट दाखवतो आणि संख्येचा नकाशा शहराच्या झोपडपट्ट्यांकडं. दोघंही खरं बोलतात. रस्ता, पूल, उपकेंद्र अशा जागेला बांधलेल्या कामांसाठी टक्केवारीचा नकाशा बरा. रेशन किंवा पेन्शनसारख्या माणसाला बांधलेल्या योजनांसाठी संख्येचा. एकच नकाशा दाखवून पैसा आपल्याकडं ओढणारे पुढारी मी पाहिले आहेत, आणि दोन्ही बाजूंना पाहिले आहेत.

अंतर कसं मोजायचं? वर्तुळ काढलं की झालं ना?

नाही झालं. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वात जास्त चुका इथं होतात.

शाळेभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढायला क्यूजीआयएस या जीआयएसच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटं लागतात. शिक्षण हक्काच्या नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे, म्हणून लोक वर्तुळं काढतात आणि मोकळे होतात. पण वर्तुळ पक्ष्यासाठी ठीक. पोरगं दरीतून उतरतं, ओढा ओलांडतं, चढ चढतं.

पहिली सुधारणा म्हणजे रस्त्यानं अंतर मोजणं. त्यासाठी रस्त्यांचं जाळं लागतं, आणि पायवाटा त्यात नसतात. त्या स्वतः चालून जीपीएसवर नोंदवाव्या लागतात. दुसरी सुधारणा म्हणजे अंतर सोडून वेळ मोजणं. वॉल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञानं चालण्याचा वेग उताराशी जोडणारं सूत्र १९९३ मध्ये मांडलं. त्यानुसार सपाटीवर ताशी सुमारे ५ किलोमीटर आणि २० टक्के चढावर सुमारे अडीच. चढाची माहिती उंचीच्या नकाशातून मिळते. २००० साली अवकाशयानातून रडारनं घेतलेला एसआरटीएम हा नकाशा ३० मीटरच्या चौकोनांत फुकट मिळतो. डोक्यावर सरपण किंवा पोटात बाळ असेल तर वेग आणखी कमी धरा, ते सूत्रात नाही.

तिसरी सुधारणा खास आपल्याकडची. आपल्या नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. लोक त्यांना केटी वेअर म्हणतात. उन्हाळ्यात पाणी अडवायला बांधलेला हा बंधारा वरून पूल म्हणूनही वापरला जातो. जुलै उजाडला की बातमी ठरलेली: अमुक इतके बंधारे पाण्याखाली. त्या दिवसापासून समोर दिसणारा दवाखाना नदीपलीकडचा होतो आणि वाट लांबच्या पुलावरून फिरते. म्हणून आमच्या वर्गात रस्त्याचं जाळं दोनदा करायचं असतं, एक उन्हाळ्याचं आणि एक पावसाळ्याचं. दुसऱ्यात पाण्याखाली जाणारे बंधारे, मोऱ्या आणि पायवाटा कापून टाकायच्या. मग दोन्हींवर तोच प्रश्न चालवायचा. ज्या वाड्यांचं उत्तर दुप्पट-तिप्पट होतं, त्या यादीच्या वर घ्यायच्या. ही कल्पना माझी नाही. एका वाडीत मी छापलेला नकाशा अंथरला तेव्हा एक आज्जी वाकून बघत होत्या. माझ्या ठसठशीत लाल रेषेवर बोट ठेवून म्हणाल्या, "पोरी, ही वाट पावसाळ्यात नसतीया." मी घरी येऊन सगळं जाळं पुन्हा केलं.

मग रस्ता मागायला नकाशाचा उपयोग होतो का?

होतो, आणि नेमका कुठं तेही सांगते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली. तिचा मूळ निकष सपाटीवर ५०० लोकवस्ती आणि डोंगरी, आदिवासी भागात २५०. वीस घरांचा वाडा त्यात बसत नाही. त्यात वाट जंगलातून गेली की वन संवर्धन कायदा आडवा येतो.

पण २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये एक वाट आहे. रस्ता, शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी अशा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर प्रत्येक वेळी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, झाडतोड हेक्टरी ७५च्या वर नसेल तर. आता हिशोब करा. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्याला एक हेक्टर म्हणजे सुमारे २,६६० मीटर लांबी. वाट जंगलातून नेमकी किती जाते, हे वनहद्दीचा लेयर आणि चालून घेतलेली जीपीएस रेषा एकमेकांवर ठेवली की पाच मिनिटांत कळतं. दोन किलोमीटर निघाली तर ग्रामसभेचा ठराव लिहायला बसा. साडेतीन निघाली तर दुसरी सोंड बघा. अभयारण्याच्या हद्दीत आणखी परवानग्या लागतात, तेव्हा राधानगरी-दाजीपूरकडच्या मंडळींनी तो लेयरही आधीच लावावा.

उपग्रहाला गरिबी दिसते का म्हणे?

बातम्यांत तसं येतं. रात्रीच्या उजेडाच्या चित्रांवरून आणि घरांच्या छपरांवरून संपन्नतेचा अंदाज बांधतात. जिथं काहीच आकडेवारी नाही अशा देशांत त्याचा उपयोग झालाही आहे. आपल्याकडं मात्र जपून. रात्रीच्या उजेडाच्या चित्राचा एक ठिपका साधारण अर्ध्या किलोमीटरचा असतो. इचलकरंजी त्यात झगझगते, कारण माग रात्रपाळीला चालतात. उजेड मागाचा आहे, मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या मजुरीचा नाही. साखर कारखाना हंगामात दिवाळीसारखा दिसतो आणि त्याच्या कुंपणाबाहेर कंदिलावर स्वयंपाक चाललेला असतो.

छपरांचंही तेच. कौल दिसलं की जुनं घर आणि जुनं घर म्हणजे गरीब, असं यंत्राला शिकवलं असेल तर धो-धो पावसाच्या पट्ट्यातला चांगला खाऊनपिऊन असलेला शेतकरीही गरीब ठरतो. इथं कौल ही पावसाची सोय आहे. पत्रा आणि कौल यांतला फरक तुमच्या तालुक्यात काय सांगतो, ते आधी शंभर घरं फिरून बघा.

पावसाळ्यात चित्रं मिळतात का?

साधी मिळत नाहीत, ढग असतात. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहावर रडार आहे. ते ढगांच्या आरपार बघतं आणि पाणी त्यात काळं दिसतं. पुराची व्याप्ती त्यातूनच काढतात. बाकी पिकं आणि जमीन बघायला सेंटिनेल-२, १० मीटरचा ठिपका, तोही फुकट.

ऊसतोड कामगार या नकाशात कुठं असतात?

बहुतेक नकाशांत कुठंच नसतात. मला यावर खरोखर राग येतो, तेव्हा भाषा थोडी तिखट झाली तर समजून घ्या.

दिवाळीच्या सुमाराला बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि ती फिटेपर्यंत फडात. मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचं बिऱ्हाड उसाच्या कडेला, गाडीतळावर, कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने जिल्ह्यातली सर्वात हलाखीची वस्ती सर्वात सधन तालुक्यांत असते. आता आपली साधनं बघा. २०११ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, ऐन हंगामात. गावाच्या एका आकड्यातून हे बिऱ्हाड वेगळं काढता येत नाही. रेशनकार्ड गावाकडचं, मतदार यादीत नाव गावाकडचं. कोपी दहा-बारा फुटांची आणि उपग्रहाचा एक ठिपका १० मीटरचा, त्यामुळं फुकटच्या चित्रात ती उसाच्या हिरव्यात विरून जाते. जास्त बारकाईच्या चित्रात दिसते, पण ते चित्र जूनमधलं असेल तर तिथं नुसतं रान.

म्हणून हा लेयर तारखेसकट करावा लागतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि फेब्रुवारीत पुन्हा, असं दोनदा फिरून प्रत्येक तळाचा बिंदू, कोप्यांची संख्या, सहा वर्षांखालची आणि शाळेच्या वयाची मुलं, पाण्याची जागा, एवढं लिहायचं. त्यावर जवळची अंगणवाडी आणि शाळा ठेवायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशानुसार वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल तर मागणीवरून ती मिळायला हवी. एका तळावर ४० पोरं नसतीलही, पण दोन किलोमीटरच्या पट्ट्यातले चार तळ एकत्र मोजले की आकडा कुठं जातो ते बघा. नकाशाशिवाय हे चार तळ एकत्र मोजायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण ते चार वेगळ्या ग्रामपंचायतींत असतात.

पूर आणि गरिबी यांचा एकत्र नकाशा कसा काढायचा?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जलसंपदा खात्याच्या पूररेषा आहेत: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषांच्या आत कोण राहतं, हा पहिला प्रश्न.

दुसरा जास्त महत्त्वाचा: बुडाल्यावर सावरायला किती दिवस लागतात? पाच एकर ऊस बुडालेल्याचं नुकसान रुपयांत मोठं. पंचनाम्यात तेच वर येतं. त्याच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईचा बुडालेला रोजगार पंचनाम्यात येत नाही, कारण तिच्या नावावर गट नंबर नाही. नुकसानीचा नकाशा शेतजमिनीवरून काढला तर भूमिहीन माणूस नकाशाबाहेर राहतो. म्हणून घर हे एकक धरून आणखी एक नकाशा काढा: पाणी घरात किती दिवस होतं, काम किती दिवस बंद होतं, जनावर गेलं का. नदीकाठच्या बऱ्याच गावांत दलित वस्ती गावठाणाच्या सखल बाजूला आहे. उंचीच्या नकाशावर हे ढळढळीत दिसतं, आणि ते का तसं आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. जुन्या नकाशांवर या वस्त्यांची जातिवाचक नावं छापलेली सापडतील. ती बदलण्याचा निर्णय राज्यानं २०२० मध्ये घेतला आहे, नवीन लेयरमध्ये नवीन नावंच घाला.

माहिती कुठून मिळवायची?

जनगणनेचे गावनिहाय तक्ते, मिशन अंत्योदय या सरकारी पाहणीचे ग्रामपंचायतनिहाय तक्ते, शाळांचे यू-डायस आकडे, रोजगार हमीच्या कामांची जिओटॅग केलेली ठिकाणं, इस्रोचं भुवन संकेतस्थळ (२००९ पासून), आणि लोकांनीच भरलेला ओपनस्ट्रीटमॅप. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, हद्दी आणि भूवापराचं काम तिथं होतं. शिवाजी विद्यापीठाच्या भूगोल विभागातली मुलं दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांना तुमची वाडी द्या. दोघांचंही भलं होईल.

आमच्या तक्त्यातली गावं नकाशावर जुळत नाहीत. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही. नृसिंहवाडी, नरसोबाची वाडी आणि नुसतं 'वाडी' हे माणसाला एकच गाव, संगणकाला तीन. उलट कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव ही दोन गावं. तक्त्यात कुणी नुसतं 'सांगाव' लिहिलं की एकाचं पाणी दुसऱ्याच्या टाकीत. नावावरून जोडूच नका. जनगणनेचा सहा आकडी गाव क्रमांक किंवा पंचायत राज मंत्रालयाचा एलजीडी कोड वापरा.

दुसरी हमखास चूक माझ्याच हातून झाली होती. अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे झाले आणि तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्या नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडल्या. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व. अदलाबदल केली की पोषण आहार थेट ध्रुवीय अस्वलांना. जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशांवरून) काम करत असाल तर त्यांचा एव्हरेस्ट डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा जुना पाया, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ या पायाशी न जुळवता वापरू नका, विहीर शेजारच्याच्या रानात जाते. आणि मीटरमध्ये मोजताना यूटीएम या मीटरमधल्या मापनपद्धतीचा झोन ४३ उत्तर निवडा.

सॉफ्टवेअरला किती खर्च?

शून्य. क्यूजीआयएस फुकट आहे, २००२ पासून जगभरचे लोक ते घडवत आहेत. साधा लॅपटॉप पुरतो. खर्च येतो तो पेट्रोल आणि चपलांना.

वेगवेगळ्या गोष्टींना गुण किती द्यायचे?

हा प्रश्न गणिताचा वाटतो, पण असतो राजकारणाचा. समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. दहापैकी वंचिततेचे गुण: पहिल्या वाडीला अंतराचे ८, पाण्याचे ३, घराचे ४. दुसरीला अंतराचे ३, पाण्याचे ७, घराचे ६. तिन्हींना सारखं वजन (महत्त्व) दिलं तर पहिली ५, दुसरी ५.३, दुसरी पुढं. अंतराला निम्मं वजन आणि बाकी दोघांना पाव-पाव दिलं तर पहिली ५.७५, दुसरी ४.७५, पहिली पुढं. माहिती तीच, वाड्या त्याच. वजन कुणी ठरवलं, यावर निधी फिरला.

म्हणून वजनं नकाशा काढायच्या आधी, लोकांसमोर, फळ्यावर लिहून ठरवा. निकाल बघून वजनं बदलायची नाहीत. वजनं थोडी हलवूनही यादीच्या वर टिकणाऱ्या वाड्या आधी घ्या, त्यांच्याबद्दल वाद कमी होतो.

नकाशावरून लाभार्थी ठरवता येतील का?

नाही. गडद रंगाच्या वाडीतही एखादं घर खाऊनपिऊन सुखी असतं आणि फिकट रंगाच्या पेठेतही माडीखालच्या खोलीत एखादी म्हातारी उपाशी असते. भागाचा आकडा माणसाला चिकटवणं ही जुनी चूक आहे. घराघराची यादीही चुकते, हे २००२च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत आपण भोगलं. १३ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. त्या गुणांवरून कोण आत आणि कोण बाहेर, यावर गावोगाव भांडणं झाली. नकाशा सांगतो की आधी कुठं जायचं. घर कोणतं, हे ग्रामसभेत आणि उंबऱ्यावर ठरतं.

गरीब घरांचे बिंदू नकाशावर टाकून तो व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल का?

अजिबात नको. परित्यक्ता, एकटी राहणारी वृद्धा, क्षयरोगाचा रुग्ण, कर्जात बुडालेलं घर, यांचा बिंदू टाकणं म्हणजे सावकाराला आणि टवाळखोराला पत्ता देणं. बाहेर द्यायच्या नकाशावर वाडीचा एकत्रित आकडा द्या, आणि पाच घरांपेक्षा कमी असतील तर तोही शेजारच्या वस्तीत मिळवा. मूळ बिंदूंची फाईल एकाच माणसाकडं, पासवर्डखाली. माहिती घेताना ती कशासाठी घेतोय ते सांगून संमती घ्या. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या आधीही हे साधं माणुसकीचं होतं.

ग्रामसभेत प्रोजेक्टर नसतो. नकाशा दाखवायचा कसा?

रांगोळीनं. मारुतीच्या देवळापुढं अंगणात नदी, रस्ता, पार, शाळा काढायची आणि घरांसाठी चिंचोके ठेवायला सांगायचं. हा प्रकार बायका ताब्यात घेतात आणि तासाभरात असा नकाशा उभा राहतो की उपग्रहानं लाजावं. त्याचा फोटो काढून घरी संगणकावर बसवा. पुढच्या सभेला छापील मोठा कागद आणि स्केच पेन न्या आणि खोडायला मुभा द्या. न खोडलेला नकाशा परत आला तर समजा, कुणी नीट बघितला नाही.

आमच्या वाडीचं नावच नकाशावर नाही. ते घालायचं कुणी?

तुम्हीच. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडा, फोनवर जीपीएस चालू करून वाडीच्या मध्ये उभे राहा, बिंदू टाका, नाव देवनागरीत लिहा. लोक म्हणतात तेच नाव, कागदावरचं वेगळं असेल तर तेही 'दुसरं नाव' म्हणून. मग खालच्या रस्त्यापर्यंत चालत जा आणि ती पायवाट नोंदवा. शक्यतो जुलैमध्ये चाला.